अमेरिकन स्वप्न आणि मागें राहिलेलीं माणसें

मेघदूतांतील यक्षाचें दुःख कितीही खरें असलें तरी त्याला एक मोठी सोय होती. त्याच्या शापाला मुदत होती. वर्षाचे आठ महिने सरले होते, चार उरले होते. शेषशय्येवरून विष्णु उठला कीं यक्ष घरीं जावयास मोकळा. कालिदासानें आणखीही एक गोष्ट केली आहे. तो आपणांस रामगिरीवरच बसवून ठेवीत नाहीं. मेघाच्या पाठोपाठ अलकानगरींत नेतो, आणि मागें राहिलेली यक्षपत्नी उंबऱ्यावर एकेक फूल मांडून उरलेले महिने कशी मोजीत असेल तें दाखवितो. वियोग दोघांचा असतो हें त्या कवीस पक्कें ठाऊक होतें. आमच्या साहित्यशास्त्रकारांनीं विप्रलंभ व करुण यांत जो भेद केला तोही या मुदतीच्याच आधारावर. भेटीची आशा जिवंत आहे तोंवर विप्रलंभ. आशा संपली कीं करुण.

हा जुना भेद आज आठवण्याचें कारण असें कीं, देशांतर करून अमेरिकेंत गेलेल्या माणसांनीं व त्यांच्या मुलांनीं लिहिलेलीं कांहीं पुस्तकें आम्हीं अलीकडे ओळीनें पुन्हां वाचलीं, आणि वाचतांना मनांत दोनच प्रश्न घोळत राहिले. या वियोगाला मुदत आहे काय? आणि उंबऱ्यावर फुलें मांडणारें माणूस या पुस्तकांत कोठें आहे?

प्रश्न केवळ वाङ्मयाचा नाहीं. २०१८ च्या एप्रिलांत अमेरिकन सरकारनें मेक्सिकोच्या सरहद्दीवरून परवान्यावांचून येणाऱ्या प्रत्येक प्रौढ माणसावर फौजदारी खटला भरण्याचें धोरण जाहीर केलें. आईबाप कोठडींत गेले कीं त्यांचीं मुलें कागदोपत्रीं एकाकी ठरत व निराळ्या खात्याच्या स्वाधीन होत. फार ओरड झाल्यावर २० जून रोजीं हें धोरण आवरतें घेण्यांत आलें, आणि त्याच महिन्यांत सॅन डिएगो येथील न्यायालयानें मुलें आईबापांस परत करण्याचा हुकूम दिला. परंतु मागचीं पुढचीं मिळून ५,००० हून अधिक मुलें आईबापांपासून तोडलीं गेलीं. आणि कोणतें मूल कोणाचें याची जुळणी लागेल अशी धड नोंदही सरकारनें ठेवली नव्हती. सामानघरांत ठेवलेल्या वळकटीची सुद्धां पावती मिळते! तेव्हांपासून लेखांतून व व्याख्यानांतून एक सूर ऐकूं येतो. अमेरिकन स्वप्न येथें भंगलें. पूर्वींची अमेरिका अशी नव्हती.

आमचें मत याहून थोडें निराळें आहे. वियोग हा त्या स्वप्नावर मागाहून पडलेला डाग आहे असें हीं पुस्तकें सांगत नाहींत. त्या इमारतीच्या पायांतच तो दगड घातलेला आहे. काळाबरोबर बदललें तें इतकेंच: वियोगाची मुदत वाढत वाढत अखेर नाहींशी झाली, आणि मुदत जशी वाढली तसतसें स्वप्न आंखडत गेलें. मात्र वाङ्मयाच्या बाजूनें एक जमेची गोष्ट घडली. मागें राहिलेलें माणूस, जें आरंभींच्या ग्रंथांत ओझरत्या उल्लेखापुरतें होतें, तें हळूहळू पुस्तकाच्या मध्यभागीं येऊन बसलें.

'अमेरिकन स्वप्न' हा शब्दप्रयोग रूढ केला तो जेम्स ट्रस्लो अ‍ॅडम्स या इतिहासकारानें, १९३१ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'द एपिक ऑफ अमेरिका' या ग्रंथांत. मोटारगाड्या व मोठे पगार एवढाच अर्थ त्याच्या मनांत नव्हता. जन्म कोठेंही व कोणत्याही घरीं झालेला असो, माणसाला आपल्या अंगच्या गुणांप्रमाणें पुरतें वाढतां यावें, अशी समाजरचना त्यास अभिप्रेत होती. कल्पना उदात्त आहे. पण तिची तारीख विसरूं नये. त्याच्या सातच वर्षें आधीं, १९२४ च्या कायद्यानें, अमेरिकेनें आपलें दार बहुतेक लावून घेतलें होतें. १८९० च्या शिरगणतींत ज्या देशाचे जितके लोक अमेरिकेंत होते त्यांच्या शेंकडा २ एवढ्यांनाच दरसाल प्रवेश मिळे, आणि आशिया खंडांतील लोकांना तर जवळजवळ मज्जावच होता. १९३२ सालीं त्या देशांत आलेल्यांपेक्षां तेथून निघून गेलेल्यांची संख्या अधिक भरली. मंदीच्या त्या वर्षांत मेक्सिकन मजुरांना आगगाड्यांतून परत धाडण्यांत आलें, व त्यांच्यासंगें अमेरिकेंतच जन्मलेलीं त्यांचीं मुलेंही गेलीं. म्हणजे स्वप्नाचें बारसें झालें त्या वेळीं घराचें दार लागलेलेंच होतें.

दार उघडें असतांनाचें पुस्तक म्हणजे मेरी अँटिन या विदुषीचें 'द प्रॉमिस्ड लँड' हें १९१२ सालचें आत्मचरित्र. रशियाच्या अमलाखालील पोलोत्स्क या गांवीं एका ज्यू कुटुंबांत तिचा जन्म झाला. बाप १८९१ सालीं पुढें गेला; तीन वर्षांनीं, १८९४ सालीं, आई व मुलें बोस्टनला पोहोंचलीं. येथें वियोगाला मुदत होती व ती पाळली गेली. बाप मुलांना शाळेंत घेऊन जातो व बाईंच्या स्वाधीन करतो तो प्रसंग या ग्रंथाचें हृदय आहे. फुकट शिक्षण, नागरिकत्व, ग्रंथालय, हें सारें तिला एखाद्या तीर्थक्षेत्रासारखें वाटतें, आणि तिचा तो आनंद अगदीं निर्मळ आहे याविषयीं आम्हांस शंका नाहीं. परंतु त्याच घरांत फ्रीडा नांवाची थोरली बहीण आहे. मेरी शाळेंत जाते आणि फ्रीडा शिवणकामाच्या कारखान्यांत. दोघींमध्यें अंतर दोन वर्षांचें. पण त्या दोन वर्षांनीं एकीच्या हातांत पुस्तक दिलें व दुसरीच्या हातांत सुई. लेखिकेला ही गोष्ट बोचते. ती प्रामाणिकपणें कबूलही करते. पण कबुली देऊन ती पुढें जाते. बोटीच्या या बाजूला असें हें एक मागें राहिलेलें माणूस आहे, आणि त्याच्या वांट्याला कांहीं पानेंच आलीं आहेत. हें पुस्तक यशस्वी मुलीनें लिहिलें आहे. फ्रीडानें लिहिलें असतें तर तें कसें झालें असतें, असा विचार तें मिटतांना मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

याच लोकांचा दुसरा ग्रंथ हेन्री रॉथ याचा, 'कॉल इट स्लीप', १९३४ सालचा. ही कादंबरी निघाली आणि विस्मृतींत गेली. तीस वर्षांनीं, १९६४ सालीं, स्वस्त आवृत्तीच्या रूपानें परत आली तेव्हां लाखों लोकांनीं ती वाचली. आमच्या मतें या विषयावरील सर्व इंग्रजी कादंबऱ्यांत हिचें स्थान पहिलें आहे. उपोद्घातांतील प्रसंग पहावा. १९०७ सालचा मे महिना. एलिस बेटावरची तपासणी आटोपून एक स्त्री लहानग्या मुलासह न्यूयॉर्ककडे निघाली आहे, व तिला न्यावयास तिचा नवरा आला आहे. आजूबाजूला इतर कुटुंबें हांसत रडत भेटत आहेत. हीं दोघें मात्र परक्यासारखीं उभीं आहेत. बोटीवरून दिसणारा स्वातंत्र्यदेवतेचा पुतळाही मावळतीच्या उजेडासमोर काळा दिसतो. मुलाच्या डोक्यावर परदेशी थाटाची टोपी पाहून बापाला राग येतो. तो ती हिसकावून पाण्यांत फेंकून देतो. पुढें चारशेंवर पानें जें घडतें त्याचें सारें बीज या एका कृतींत आहे. मूल किती महिन्यांचें आहे या हिशेबांतून बापाच्या मनांत संशय शिरलेला आहे: हें मूल माझें कशावरून? वियोगाची मुदत संपली, माणसें भेटलीं. पण भेट झाली नाहीं. विप्रलंभाचा शेवट मीलनांत न होतां संशयांत झाला.

या कादंबरींतील भाषेची योजनाही विलक्षण आहे. घरांत आई ज्या यिडिश भाषेंत मुलाशीं बोलते ती लेखकानें प्रौढ, मृदु, सुंदर इंग्रजींत दिली आहे. आणि हींच माणसें रस्त्यावर जी इंग्रजी बोलतात ती मोडकीतोडकी, कानाला ओरबाडणारी आहे. आईची थोरवी घराच्या चार भिंतींत आहे. उंबऱ्याबाहेर पाऊल पडलें कीं ती मुकी होते. देशांतरानें माणसाचें काय होतें हें सांगण्यास याहून अधिक कांहीं लिहावें लागत नाहीं.

हे पुस्तक एके वर्षीं आम्ही वर्गांत शिकवीत होतों. टोपीच्या प्रसंगावर चर्चा चालली होती. हा बाप विकृत आहे, असें बहुतेक विद्यार्थ्यांचें मत पडलें. मागच्या बांकावर रत्नागिरीकडची एक मुलगी बसे. ती सहसा बोलत नसे. ती उभी राहून म्हणाली, "सर, माझे बाबा दुबईला कामाला होते. ते पहिल्यांदा घरीं आले तेव्हां मी चार वर्षांची होतें. मी त्यांना काका म्हणून हांक मारली. सगळे हंसले. ते पण हंसले. पण दोन दिवस ते माझ्याशीं बोलले नाहींत." एवढें बोलून ती खालीं बसली. वर्गांत कोणी कांहीं बोललें नाहीं. रॉथच्या कादंबरीवर आम्हीं पुष्कळ टीकाग्रंथ वाचले आहेत. त्या बापाच्या रागाखालीं अपमान आहे आणि अपमानाखालीं भीति आहे, हें त्या दिवसापर्यंत आम्हांस इतकें स्वच्छ कळलें नव्हतें.

अँटिन व रॉथ यांच्या जगांत वियोग घडविणारे दारिद्र्य व अंतर हे होते. कायदा मुख्यतः पहारेकऱ्यासारखा होता. १८९२ पासून १९५४ पर्यंत एलिस बेटावरून सुमारें १ कोटी २० लक्ष माणसें आंत गेलीं. डोळ्यांत खुपऱ्या निघाल्या म्हणून एखादें मूल परत धाडलें जाई, आणि आई किंवा बाप त्याच्याबरोबर उलट फिरे. अशीं कुटुंबें तेथेंही फुटलीं. तरी बहुतेकांना दार उघडें होतें. चिनी लोकांची गोष्ट निराळी होती. त्यांच्या बाबतींत वियोग हेंच कायद्याचें कलम होतें. १८७५ च्या कायद्यानें चिनी स्त्रियांचें येणें अवघड करून ठेवलें, १८८२ च्या कायद्यानें मजुरांना बंदी केली, आणि ती बंदी १९४३ पर्यंत टिकली. रेल्वेचे रस्ते बांधणारे हात हवे होते. त्या हातांना घर नको होतें. आमच्या पंजाबांतून कॅलिफोर्नियांत गेलेल्या शेतकऱ्यांचीही हीच गत झाली. बायकांना आणतां येईना, तेव्हां त्यांच्यापैकीं अनेकांनीं मेक्सिकन स्त्रियांशीं लग्नें लावलीं. आणि १९२३ सालीं भगतसिंग थिंड यांच्या खटल्यांत, हिंदी मनुष्य अमेरिकन नागरिकत्वास पात्र नाहीं, असा निकाल तेथील सर्वोच्च न्यायालयानें दिला.

कायद्यानें केलेल्या या वियोगाचें फळ कसें असतें हें पहावयाचें तर मॅक्सीन हाँग किंग्स्टन हिच्या 'द वुमन वॉरियर' या १९७६ सालच्या ग्रंथांतील मून ऑर्किड हिची कथा वाचावी. तिचा नवरा अमेरिकेंत जाऊन डॉक्टर झाला. तीस वर्षें तो तिला पैसे पाठवीत राहिला; बोलावलें मात्र कधीं नाहीं. अखेर थोरल्या बहिणीनें खटपट करून तिला हाँगकाँगहून आणविलें, व आपला हक्क माग म्हणून नवऱ्याच्या दाराशीं नेऊन उभें केलें. लॉस एंजलिसच्या रस्त्यावर मोटारींत बसलेल्या त्या वृद्ध दिसणाऱ्या बाईला नवरा ओळखीत नाहीं. तो तिला आजी म्हणून हांक मारतो. त्याचें दुसरें लग्न झालेलें आहे, दुसरें आयुष्य झालेलें आहे. ही बाई त्याला एखाद्या विसरलेल्या पुस्तकांतील पात्रासारखी वाटते. मून ऑर्किडची बुद्धि पुढें ढळते आणि वेड्यांच्या रुग्णालयांत तिचा शेवट होतो.

येथें लेखिकेची न्यायबुद्धि पहाण्यासारखी आहे. ती नवऱ्याला राक्षस करीत नाहीं. त्यानें खर्च पाठविला, कर्तव्य केलें, असें त्याला प्रामाणिकपणें वाटतें. कायद्यानें जें अंतर पाडलें त्याचा त्यानें सोयीनें संसार थाटला, एवढेंच. मनिऑर्डर हें वियोगावरचें औषध आहे अशी समजूत आमच्या कोंकणांतील गिरणीकामगारांच्या घरींही होती. पैसे येत असतात तोंवर माणूस यावयाचें राहिलें आहे हें बोलून दाखवावयाची सोय नसते. या कथेंत पैसे न चुकतां येतात आणि तेच शेवटीं त्या बाईचा घात करतात. कारण त्यांच्यामुळें ती तीस वर्षें उंबऱ्यावर फुलें मांडीत बसते. मुदत नसलेला यक्ष तिच्या वांट्याला आला होता.

१९६५ सालीं अमेरिकेनें आपला कायदा पालटला. देशवार टक्केवारी गेली, आणि आप्तांना एकत्र आणणें हें प्रवेशाचें मुख्य तत्त्व ठरलें. कुटुंब हा शब्द कायद्यांत प्रथमच इतक्या सन्मानानें आला. आमच्याकडील डॉक्टर, इंजिनियर व प्राध्यापक तेथें गेले ते या दारानें. परंतु याच कायद्यानें पश्चिम गोलार्धांतून येणाऱ्यांवर पहिल्यानेंच संख्येची मर्यादा घातली. आणि मेक्सिकन शेतमजुरांना करारानें आणण्याची १९४२ पासूनची व्यवस्था त्याच्या आदल्याच वर्षीं बंद झालेली होती. शेतावर मजूर तेच लागत होते, येणारे तेच होते. फक्त आतां ते बेकायदा झाले. एका कायद्याचीं हीं दोन तोंडें दोन पुस्तकांत शेजारीं शेजारीं पाहतां येतात.

पहिलें झुंपा लाहिरी हिची 'द नेमसेक' ही २००३ सालची कादंबरी. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस ती परिचित असेल. कलकत्त्याची आशिमा केंब्रिजला येते, मूल होतें, त्याचें नांव आजीनें ठेवावयाचें असतें. आजीचें पत्र निघतें, पण पोहोंचत नाहीं. तें नांव कोणालाच कळत नाहीं. सरकारनें कोणास अडविलेलें नाहीं, विमानें चालू आहेत, पैसा आहे. तरी एक पत्र वाटेंत हरवतें आणि एक मुलगा जन्मभर उसन्या नांवानें वावरतो. लाहिरीची शैली संयत, जवळजवळ थंड आहे, व या विषयाला ती शोभते. पुढें वैधव्य आल्यावर आशिमा अर्धें वर्ष इकडे व अर्धें वर्ष तिकडे काढण्याचें ठरविते. तिच्या नांवाचा अर्थच सीमा नसलेली. ज्याच्याजवळ योग्य कागद आहेत त्याला वियोगाची मुदत स्वतः ठरवितां येते, हें या कादंबरींतील सुख. आणि तसें असूनही ती संपत नाहीं, हें तिच्यांतील दुःख.

दुसरें पुस्तक रेना ग्रांडे हिचें 'द डिस्टन्स बिट्वीन अस' हें २०१२ सालचें आत्मचरित्र. मेक्सिकोच्या ग्वेरेरो प्रांतांतील इग्वाला गांवीं १९७५ सालीं तिचा जन्म झाला. ती दोन वर्षांची असतांना बाप उत्तरेस गेला. पुढें आईही गेली. तीन भावंडें आजीच्या कठोर हाताखालीं राहिलीं. बापाचें स्वप्न काय होतें? अमेरिकेंत राहण्याचें नव्हे. चार पैसे मिळवून इग्वालालाच विटांचें घर बांधावें, एवढेंच. अँटिनच्या बापाचें स्वप्न एका नव्या भूमीचें होतें. या बापाचें स्वप्न आपल्याच गांवांतील चार भिंतींचें आहे, आणि त्या चार भिंतींसाठीं तो त्यांत राहावयाचीं माणसेंच पांगवितो. मुलांजवळ बाप म्हणून उरते ती कांचेआडची एक तसबीर.

या पुस्तकांत एक गोष्ट आहे जी मराठी वाचकाला कोणीही समजावून सांगावी लागणार नाहीं. आईच्या आठवणीनें धाकटी रडूं लागली कीं थोरली बहीण मागो तिला सांगते कीं तुझी नाळ आपल्या झोपडीच्या जमिनींत पुरलेली आहे. ती तुला आईशीं जोडून ठेवते. नाळ पुरली ती जागा सुटत नाहीं, असें आमच्या आज्याही म्हणत. परंतु आमच्या म्हणण्यांत माणूस दूर जातें व जमीन त्याला ओढते; येथें मूल जमिनीवरच आहे व आईच दूर गेली आहे. नाळेचें तें दुसरें टोंक परदेशीं कोठें तरी कोणाच्या घरीं काम करीत आहे.

पुढें १९८५ सालीं बाप येतो आणि मुलांना चोरवाटेनें सरहद्दीपलीकडे नेतो. त्या वेळीं तिला दहावें वर्षही पुरें झालेलें नव्हतें. लॉस एंजलिसमध्यें ज्या बापाची आठ वर्षें वाट पाहिली तो दारू पितो, मारतो, आणि शिकाल तर टिकाल म्हणून बजावतो. तसबिरींतला बाप आणि घरांतला बाप यांचा मेळ बसत नाहीं. १९८६ च्या कायद्यानें सुमारें २७ लक्ष लोकांना राहण्याची परवानगी मिळाली व या कुटुंबाचाही मार्ग मोकळा झाला. मुलगी पदवीधर झाली, लेखिका झाली. अशा वेळीं सामान्य लेखक म्हणतो, झालें गेलें सारें सार्थकीं लागलें. ग्रांडे तसें म्हणत नाहीं. बापानें आणलें नसतें तर आपण आज जें आहों तें झालों नसतों, हें तिला मान्य आहे. आणि त्यानें टाकलें नसतें तर आपण निराळें मूल असतों, हेंही ती विसरत नाहीं. दोन्ही गोष्टी ती शेजारीं ठेवते व त्यांची बेरीज करीत नाहीं. भाषा साधी, अलंकार जवळजवळ नाहींत. परंतु अँटिनच्या घरांतील फ्रीडाला जें लिहितां आलें नाहीं तें शंभर वर्षांनीं या मुलीनें लिहिलें असें आम्हांस वाटतें.

शेवटचें पुस्तक व्हॅलेरिया लुइसेली या मूळच्या मेक्सिकन लेखिकेचें, 'लॉस्ट चिल्ड्रन आर्काइव्ह', २०१९ सालचें. न्यूयॉर्कच्या न्यायालयांत एकट्यादुकट्या आलेल्या मुलांसाठीं दुभाष्याचें काम तिनें केलें होतें; छापील कागदावरचे चाळीस प्रश्न मुलांना विचारावयाचे व उत्तरें इंग्रजींत उतरावयाचीं. त्या अनुभवावर तिनें २०१७ सालीं एक छोटा निबंधग्रंथ लिहिला, व नंतर ही कादंबरी. एक जोडपें दोन मुलांना घेऊन न्यूयॉर्कहून नैर्ऋत्येकडे मोटारीनें निघालें आहे; मागें सात पेट्या आहेत; नवराबायकोंत बेबनाव आहे. ओळखीच्या एका बाईच्या दोन मुली सरहद्दीवर पकडल्या गेल्या आहेत व त्यांचा पत्ता नाहीं. आजीनें त्या मुलींच्या झग्याच्या गळपट्टीवर आईचा टेलिफोनचा आंकडा दोऱ्यानें शिवून दिलेला आहे.

हा शिवलेला आंकडा वाचतांना आम्ही बराच वेळ थबकलों. अँटिनच्या बापाचें स्वप्न एका खंडाएवढें होतें. ग्रांडेच्या बापाचें एका घराएवढें. या मुलींचें स्वप्न दहा आंकड्यांचें आहे, आणि तें त्यांना वाचतां येण्याचीही गरज नाहीं. दुसऱ्या कोणी तरी वाचावें म्हणून तें गळ्याशीं शिवलें आहे. श्रीमंत व्हावें, नागरिक व्हावें, हें पुढचें पुढें. आई भेटावी, एवढेंच अमेरिकन स्वप्न आतां उरलें आहे.

तरीही या कादंबरीविषयीं आमची एक तक्रार आहे. लेखिका फार बहुश्रुत आहे आणि तिची बहुश्रुतता कथेच्या वाटेंत येते. पेट्या, याद्या, ग्रंथांचे दाखले, ध्वनिमुद्रणें यांच्या गर्दींत त्या दोन बहिणी आपल्या तोंडानें फारसें बोलत नाहींत. दुसऱ्याचें दुःख सांगण्याचा आपणांस अधिकार काय, हा प्रश्न लेखिका स्वतःस वारंवार विचारते. तें प्रांजळ आहे, पण प्रश्न पुन्हां पुन्हां विचारल्यानें जागा मात्र विचारणाराच अडवितो. उत्तरार्धांत मुलाच्या तोंडीं कथा येते तेव्हां ती एकदम जिवंत होते. कालिदासानें मेघाला अलकेपर्यंत पोहोंचविलें. येथें मेघाचेंच वर्णन किंचित् लांबलें आहे.

यावर कोणी म्हणेल, हीं माणसें आपल्या इच्छेनें गेलीं; उपाशी मरण्यापेक्षां वियोग बरा; किंमत दिल्यावांचून जगांत काय मिळतें? आक्षेप खोटा नाहीं. इग्वालाच्या झोपडींत राहून त्या तीन मुलांचें भलें झालें असतें असें कोणी छातीठोकपणें सांगूं शकणार नाहीं. परंतु स्वप्न पाहणारा एक असतो आणि किंमत देणारा बहुतेक वेळां दुसराच असतो. त्याला कोणी विचारलेलें नसतें. वाङ्मयाचें काम त्या दुसऱ्याची साक्ष नोंदविणें हें आहे. २०१८ सालीं सरकारी वहींत जी नोंद झाली नाहीं ती निदान पुस्तकांत तरी व्हावी.

आणि हें लिहितांना आम्हांस आपल्या घराकडे पाहिल्यावांचून गत्यंतर नाहीं. मराठींत अमेरिकेचें दर्शन फार जुनें आहे. पंडिता रमाबाईंचें 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' १८८९ सालीं निघालें. त्यापूर्वीं १८८३ सालीं आनंदीबाई जोशी नवऱ्याला मागें ठेवून एकट्या गेल्या. त्या वियोगांतील त्यांचीं पत्रें हें आमच्या भाषेंतील या विषयाचें पहिलें करुण धन आहे. त्यानंतर प्रवासवर्णनें विपुल झालीं. नायगारा झाला, न्यूयॉर्कचे उंच वाडे झाले, मुलाच्या घरची बाग झाली. परंतु पुण्यांत किंवा सांगलींत ज्या दोन वृद्ध माणसांच्या घरीं भिंतीवर दोन घड्याळें लागलेलीं आहेत, त्यांची कथा प्रवासवर्णनाच्या शेवटच्या परिच्छेदांत उरकलेली असते. तिकडे गेलेल्यांचेंही तसेंच. एका देशाच्या वांट्याला दरसाल शेंकडा ७ हून अधिक कायम वास्तव्याचे परवाने येऊं नयेत अशी मर्यादा असल्यामुळें आमचीं मुलें वर्षानुवर्षें रांगेंत उभीं आहेत. आणि रांगेंत असतां त्यांच्या मुलाला एकवीस वर्षें पुरीं झालीं कीं बापाच्या परवान्यावरचा त्याचा आश्रय सुटतो. मेरीलँडमध्यें वाढलेल्या, मराठी अडखळत बोलणाऱ्या अशा एखाद्या मुलाचें दुःख इग्वालाच्या मुलीच्या दुःखाशीं तोलूं नये. त्याच्याजवळ कागद आहेत, पैसा आहे. पण त्याच्याही वियोगाला मुदत नाहीं, व त्याच्यावरही अजून कोणी मराठींत मोठें पुस्तक लिहिलेलें आमच्या पाहण्यांत नाहीं.

ज्यांना या ग्रंथांपैकीं एकच वाचावयास सवड आहे त्यांनीं ग्रांडेचें आत्मचरित्र वाचावें; दोन वाचतां येतील तर आधीं रॉथची कादंबरी घ्यावी. ज्यांच्या घरचें कोणी तिकडे आहे त्यांनीं तीं वाचून झाल्यावर तिकडे पाठवावींत, आणि सोबत एक पत्रही लिहावें. टेलिफोनवर रोज बोलणें होतें हें खरें. पण पोहोंचलें नाहीं तर हळहळ वाटेल असें कांहीं त्यांत आपण बोलतों काय, हें ज्याचें त्यानें पहावें.